धडक मागून, भुर्दंड मजुराला का?

घोटी-इगतपुरी पट्ट्यात भातलावणी सुरू झाली की मजुरांना पिकअपच्या हौद्यात उभे करून शेतावर नेले जाते. रस्ता मुंबई-आग्रा महामार्गाचा. मागून येणारा ट्रेलर अशा पिकअपवर आदळला की दोन चालक, दोन मालक आणि दोन विमा कंपन्या यांचे भांडण जुंपते. मागच्याने अंतर ठेवले नाही, की पुढच्याने अचानक ब्रेक मारला? आमचा सवाल साधा आहे. हौद्यात उभ्या असलेल्या बाईचा या भांडणाशी संबंध काय?

मागून धडकणाऱ्याचीच चूक, ही समजूत बव्हंशी खरी आहे. पुढच्या वाहनापासून पुरेसे अंतर ठेवणे हे मागच्या चालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि २०१८ च्या निशान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावरच बोट ठेवले. पण हा नियम सरसकट नाही. जुलै २०२५ च्या एका निकालात महामार्गावर विनाइशारा ब्रेक मारणाऱ्या मोटारचालकावर न्यायालयाने ५० टक्के दोष ठेवला. गरोदर बायकोला मळमळू लागले म्हणून थांबलो, हा त्याचा खुलासा चालला नाही. त्या अपघातात पाय गमावलेल्या, मागून आदळलेल्या दुचाकीस्वार विद्यार्थ्यावर २० टक्के दोष आला, तर उरलेला बसचालकावर.

ही टक्केवारी चालकांची आहे. प्रवाशाने ना ब्रेक मारला, ना स्टिअरिंग धरले. २०१५ च्या खेन्येई निकालाने सांगितले आहे की दोन वाहनांच्या चुकीने तिसऱ्याला इजा झाली तर तो पूर्ण भरपाई दोघांपैकी कोणाकडूनही मागू शकतो. त्यांनी आपसातला हिशेब नंतर करावा.

विमा कंपनीचे ठरलेले उत्तर असते : गाडी मालवाहू होती, माणसे बसवायची परवानगी नव्हती. पिकअपच्या विमा कंपनीला हे कारण बऱ्याचदा तारते. मागच्या ट्रेलरच्या कंपनीला ते कसे तारेल? तिच्या लेखी मजूर हा त्रयस्थच आहे. ‘दाटीने उभे होते, म्हणून त्यांचीही चूक’ हेही आपोआप ठरत नाही. एका दुचाकीवर तिघे होते, मागून मोटारीने उडवले, त्यातला एक तरुण गेला. उच्च न्यायालयाने तिघे बसल्याबद्दल १० टक्के कापले. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कपात रद्द केली. तिघे बसल्यामुळेच अपघात घडला, हे कुणी सिद्ध केले नव्हते.

म्हणून अर्जात दोन्ही मालक आणि दोन्ही विमा कंपन्या प्रतिवादी करा. एकालाच धरले आणि चूक दुसऱ्याची निघाली, तर हात रिकामे. २०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा आहे. तो गेला का, हे विचारायला कार्यकर्त्याने पोलीस ठाण्यात जावे. अर्जाला सहा महिन्यांची मुदत आहे. तिला आव्हान दिले गेले असले तरी त्या भरवशावर राहू नये. मजूर बाहेरगावचे असतील तर ते राहतात तिथल्या न्यायाधिकरणातही अर्ज चालतो.

आणि मुकादम दवाखान्यातच पाच-दहा हजार हातावर टेकवून कोऱ्या कागदावर अंगठा मागू लागला, तर अंगठा देऊ नये. त्या मुकादमाची हजेरीवही मात्र आधी ताब्यात घ्यावी. पगाराची पावती नसलेल्या मजुराची कमाई कोर्टात दाखवायला तीच उपयोगी पडते.