वाय-फाय लागलं, पण कोणाचं?

महाविद्यालयात चर्चासत्र असलं की बाहेरगावचे पाहुणे चहाच्या आधी वाय-फाय विचारतात. कोणीतरी फळ्यावर पासवर्ड लिहून देतं. तो पुढे वर्षभर निम्म्या गावाला पाठ असतो आणि नेटवर्कवर नक्की कोण आहे, हे कोणालाच सांगता येत नाही. काही ठिकाणी मोबाइलवर ओटीपी येतो. पण भारतीय क्रमांकच चालत असेल तर परदेशातून आलेल्या संशोधकाची पंचाईत होते.

युरोपातल्या विद्यापीठांनी यावर दोन दशकांपूर्वीच तोडगा काढला. नेदरलँड्सच्या सर्फनेट या शैक्षणिक नेटवर्क संस्थेतले क्लास वीरेंगा यांनी २००२ मध्ये कल्पना मांडली, की पाहुण्याला नवा पासवर्ड देऊच नये. त्याची ओळख त्याच्याच संस्थेने पटवावी. २००३ मध्ये नेदरलँड्स, फिनलंड, पोर्तुगाल, क्रोएशिया आणि ब्रिटन इथल्या पाच संस्थांमध्ये चाचणी झाली. तीच आजची ‘एज्युरोम’ सेवा. शंभरहून अधिक देशांत ती पोहोचली आहे. जर्मनीत किंवा ब्रिटनमध्ये शिकणाऱ्या मराठी मुलामुलींना हे नाव नवं नाही. भारतात हे काम अर्नेट ही शैक्षणिक नेटवर्क संस्था पाहते.

एका बँकेचं कार्ड दुसऱ्या बँकेच्या एटीएममध्ये चालतं, तशीच ही सोय. विद्यार्थ्याच्या युजरनेममध्ये ‘ॲट’च्या चिन्हापुढे त्याच्या संस्थेचा पत्ता असतो. यजमान संस्थेचा सर्व्हर तेवढाच वाचतो आणि विनंती देशपातळीवरच्या सर्व्हरमार्फत मूळ संस्थेकडे धाडतो. होकार तिथून येतो. पासवर्ड विद्यार्थ्याच्या फोनपासून त्याच्या संस्थेपर्यंत कूटबद्ध बोगद्यातून जातो. यजमानाला तो दिसतच नाही. या रचनेतलं खरं शहाणपण इथे आहे.

मात्र बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला आपलीच संस्था आहे, याची खात्री फोननेच करून घ्यावी लागते. त्यासाठी सर्व्हरचं डिजिटल प्रमाणपत्र असतं. ते न तपासणाऱ्या फोनला फसवायला फार काही लागत नाही. कोणीही कँटीनमध्ये ‘एज्युरोम’ याच नावाचं खोटं हॉटस्पॉट सुरू करावं, फोन आपण होऊन त्याला जोडला जातो. ओळख पटवण्याच्या काही पद्धतींत पासवर्ड जसाच्या तसा चोराच्या हाती पडतो. एमएस-चॅप-व्ही२ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत तो थेट मिळत नाही; पण तिचं कुलूपही फोडता येतं, हे २०१२ मध्येच जाहीरपणे सिद्ध झालं. जुन्या अँड्रॉइडमध्ये तर ‘प्रमाणपत्र तपासू नका’ असा पर्यायच होता आणि कित्येक संस्थांच्या सूचनापत्रकांत तोच निवडायला सांगितलेला असे! तक्रारी कमी याव्यात म्हणून सुरक्षाच बंद करायची, असा हा कारभार. पुन्हा, हा पासवर्ड नुसत्या वाय-फायचा नसतो. बहुतेक ठिकाणी ईमेल आणि परीक्षेचं पोर्टलही त्यावरच उघडतं.

उपाय तयार आहेत आणि फुकट आहेत. ‘कॅट’ हे साधन किंवा ‘गेटएज्युरोम’ हे ॲप वापरलं, की संस्थेने ठरवलेलं सेटिंग फोनमध्ये आपोआप बसतं. विद्यार्थ्याला प्रमाणपत्राचं नावही माहीत असायची गरज नाही. त्याच्या पुढची पायरी म्हणजे पासवर्डच काढून टाकून प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र प्रमाणपत्र देणं. ते खर्चिक नसलं तरी किचकट आहे, आणि ज्या महाविद्यालयात संगणक विभाग म्हणजे एकच माणूस, तिथे ते लगेच जमणार नाही.

म्हणून महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी ही सेवा संलग्न महाविद्यालयांपर्यंत न्यायची ठरवली, तर चाचणी मोठ्या राष्ट्रीय संस्थांत घेऊन भागणार नाही. तालुक्याच्या गावचं, अपुऱ्या मनुष्यबळाचं महाविद्यालय त्यात हवंच. आणि ‘जोडणी लागली का’ एवढंच पाहणं म्हणजे चाचणी नव्हे. नेटवर्क चालू झालं, फीत कापली, फोटो छापून आला, इथे आपले बहुतेक प्रयोग संपतात. सहभागींची आधी संमती घेऊन आवारात मुद्दाम एक खोटं हॉटस्पॉट लावावं आणि किती फोन त्याला बळी पडतात ते मोजावं. तो आकडा कितीही लाजिरवाणा असला, तरी विद्यापीठाने अहवालाच्या पहिल्या पानावर छापावा.