नकार कोणाला परवडतो?

खासगीपणा हे सुखवस्तू समाजाचे चोचले आहेत, नोकरीच्या शोधातील आपल्या मुलांना ते परवडणारे नाहीत, असे मत दादर-परळच्या प्राध्यापक-कक्षांत आम्ही वारंवार ऐकतो. आम्हाला ते साफ अमान्य आहे.

मार्च २०१८मध्ये केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण उघडकीस आले. फेसबुकच्या कोट्यवधी सदस्यांची माहिती त्यांच्या नकळत राजकीय प्रचारकांच्या हाती गेली होती. मे २०१९मध्ये सीएनबीसी या वृत्तवाहिनीने फेसबुकच्या माजी भरती अधिकाऱ्यांच्या हवाल्याने काही आकडे दिले : अमेरिकेतील नामांकित विद्यापीठांच्या नव्या पदवीधरांत या कंपनीची नोकरी स्वीकारणाऱ्यांचे प्रमाण ८५ टक्क्यांवरून ३५ ते ५५ टक्क्यांपर्यंत घसरले होते. कंपनीने हे आकडे अमान्य केले.

त्या मुलांच्या हातात दुसऱ्या नोकऱ्या होत्या, हा आक्षेप खरा आहे. नोव्हेंबर २०२२मध्ये याच कंपनीने, आता ‘मेटा’ या नावाने, ११ हजारांहून अधिक कर्मचारी कमी केले. अशा दिवसांत शैक्षणिक कर्ज डोक्यावर असलेल्या मुलाने एकट्याने बाणेदारपणा दाखवावा, असे सांगण्याचा अधिकार पगारदार प्राध्यापकांना नाही.

परंतु एकट्याला जे जमत नाही ते संघटितपणे करावे लागते, हे गिरणगावाला नव्याने शिकवायला नको. फाटकावर ताटकळणारा बदली कामगार मालकाला अट घालू शकत नसे. घातली ती संघटनेने. १९८२चा संप फसला, म्हणून हे तत्त्व खोटे ठरत नाही.

आणि आपल्या शिक्षणसंस्थांना बहिष्कार ठाऊक नाही असेही नाही. नोकरी देऊ करून ऐनवेळी शब्द फिरवणाऱ्या ३१ कंपन्यांना ऑगस्ट २०१६मध्ये आयआयटींनी वर्षभरासाठी कॅम्पस भरतीचे दार बंद केले होते. विद्यार्थ्याला दिलेला शब्द मोडला तर शिक्षा. मग नागरिकांचा विश्वास मोडला तर स्वागताला पुष्पगुच्छ का?

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. व्हॉट्सॲपच्या २०२१च्या धोरणाबद्दल स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४मध्ये मेटाला २१३ कोटींचा दंड केला. आमच्या परिचयाच्या एकाही महाविद्यालयात भरतीला आलेल्या कंपनीला यांतले काही विचारले गेलेले नाही. तिथे चर्चा होते ती फक्त पॅकेजची.

आमची मागणी मोठी नाही. भरतीला येणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून महाविद्यालयाने दोन प्रश्नांची लेखी उत्तरे घ्यावीत आणि ती पॅकेजच्या आकड्याशेजारीच लावावीत. लोकांची कोणती माहिती तुम्ही कोणाच्या संमतीने घेता? आणि त्यात गैर दिसल्यास ते काम नाकारणाऱ्या नवख्या कर्मचाऱ्याचे तुम्ही काय करता? हे प्रश्न विद्यार्थ्याने विचारले तर त्याची नोकरी जाईल. संस्थेने विचारले तर तिचे काय जाणार आहे?