कुठून आलात, एवढं तरी विचारा!

माझी खाला उमराहहून परतली आणि चौथ्या दिवशी फणफणली. घरात मुबारकबाद द्यायला येणाऱ्यांची रीघ, खजूर आणि झमझमचं वाटप चालू. सगळ्यांचं एकच, प्रवासाचा थकवा आहे, तिकडून आल्यावर खोकला-ताप होतोच. डॉक्टरांनी घसा पाहिला, 'व्हायरल' म्हणाले, एक इंजेक्शन टोचलं. कुठे गेला होता, हे त्यांनी विचारलं नाही आणि खालाच्या मुलाने सांगितलंही नाही. का, म्हणून मी नंतर त्याला झापलं. तो म्हणाला, "भाई, 2020 विसरलात का?"

नाही विसरलो. तबलिगी जमातच्या नावाने टीव्हीवाल्यांनी अख्खी साथ आपल्या माथी मारली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले, त्यांना बळीचा बकरा केल्याची शक्यता दिसते असंही म्हटलं. गुन्हे गेले, भीती राहिली. दवाखान्यात आपण अजून प्रवास लपवतो.

रात्री खालाची मान ताठरली, पायांवर जांभळे डाग उठले. दुसऱ्या रुग्णालयातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न केला, "बाहेरगावाहून आलात का?" उत्तर ऐकताच रक्त कल्चरला पाठवलं आणि रिपोर्टची वाट न पाहता सेफ्ट्रियाक्सोन सुरू केलं. मेनिंगोकॉकल मेंदूज्वर. हा आजार चोवीस तासांतही माणूस नेतो. खाला वाचली, पण डाव्या कानाने आता ऐकू येत नाही. घरातल्या सगळ्यांना प्रतिबंधक गोळ्या घ्याव्या लागल्या.

हे काही नवं संकट नाही. 2000 च्या हजनंतर याच जंतूचा डब्ल्यू-135 प्रकार हाजींबरोबर अनेक देशांत पोचला. 2002 पासून चार प्रकारांवरची लस हाजींना सक्तीची झाली. तरी 2024 च्या एप्रिल-मेमध्ये अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्समध्ये उमराहशी संबंधित 12 रुग्ण निघाले. त्यांतल्या नऊ जणांनी लस घेतलेली नव्हती.

डॉक्टरांना माझं सांगणं आहे की हा प्रश्न फक्त दाढी-बुरखा बघून विचारू नका, प्रत्येक तापकऱ्याला विचारा. आफ्रिकेत नोकरी करून आलेल्या आमच्या कोकणातल्या पोराचा फाल्सिपेरम मलेरिया घरी आल्यावर महिनाभरातही डोकं वर काढतो. त्याचं रक्त तपासायचं सोडून 'व्हायरल' म्हणून परत पाठवणं हा निष्काळजीपणाच आहे.

आणि आपल्या लोकांना काय सांगू? खालाच्या बॅगेत लसीचं कार्ड होतं, शिक्क्यासकट. सुई मात्र टोचलीच नव्हती. हज कमिटीतर्फे जाणाऱ्यांना शिबिरात लस मिळते, उमराहवाले बहुतेक एजंटच्या हाती. "उगाच दुखवून कशाला घ्यायचं, कार्ड मी देतो," असं तो खालाला म्हणाला होता. निघण्याच्या दहा दिवस आधी टोचायची एक सुई! मी त्याला जाऊन जाब विचारला. त्याने चहा मागवला आणि रमजानच्या पॅकेजचं पत्रक माझ्यासमोर सरकवलं. खाली बारीक अक्षरांत छापलं होतं, 'लस कार्डासह'.