आधी घाई, मग उशीर

आमच्या वस्तीतल्या पोरांच्या फुटबॉल टीमचा जमाखर्च माझ्याकडे असतो. गेल्या रविवारी एका गोलने पुढे असताना टीम सांभाळणाऱ्या तरुणाने सगळ्यात चांगला खेळणारा पोरगाच बाहेर बसवला. "दमलाय, फायनलला लागेल," म्हणाला. पुढच्या दहा मिनिटांत दोन गोल अंगावर आले आणि फायनल गेली. पोरे त्याच्यावर तुटून पडली. तो बिचारा रडवेला होऊन म्हणाला, "काका, यापुढे कोणालाच बदलणार नाही." तेव्हा त्याला जी हकीकत सांगितली तीच इथे लिहितो.

इंग्लंडला १९६६ साली विश्वचषक मिळवून दिला तो आल्फ रॅम्से या प्रशिक्षकाने. तेव्हा विश्वचषकात बदली खेळाडूची सोयच नव्हती. उतरले ते अकरा शेवटपर्यंत खेळायचे. ती मुभा आली १९७० साली मेक्सिकोत, तीही दोघांपुरती.

१४ जूनला लिऑन शहरात पश्चिम जर्मनीशी उपउपांत्य सामना होता. भर दुपारचे ऊन. नेहमीचा गोलरक्षक गॉर्डन बँक्स पोट बिघडल्याने खेळू शकला नाही, त्याच्या जागी पीटर बोनेटी उभा होता. तरीही इंग्लंड २-० पुढे. ६८व्या मिनिटाला बेकेनबाउरने एक गोल फेडला आणि लगोलग रॅम्सेने बॉबी चार्लटनला बाहेर घेतले. चार्लटन ३२ वर्षांचा, देशासाठी त्याचा १०६वा सामना. तीन दिवसांवर उपांत्य सामना होता, त्यासाठी त्याला राखायचे होते. म्हणजे हातात न आलेला पगार आधीच वाटून टाकला! थोड्या वेळाने मार्टिन पीटर्सलाही काढून बचावाला नॉर्मन हंटर आणला.

चार्लटनला अडवण्यात गुंतलेला बेकेनबाउर आता मोकळा झाला. सीलरने बरोबरी केली, जादा वेळेत म्युलरने तिसरा गोल मारला. जर्मनी ३-२. खरे सांगायचे तर पहिला गोल झाला तेव्हा चार्लटन मैदानातच होता, त्यामुळे सगळे खापर बदलावर फोडता येणार नाही. जर्मनीच्या शोनने त्याच सामन्यात ग्राबोव्स्की हा ताज्या दमाचा गडी उतरवून इंग्लंडच्या थकलेल्या बचावाला पळवून पळवून हैराण केले होते. तोही बदलच होता की! चार्लटन मात्र देशासाठी पुन्हा कधी खेळला नाही.

आता १७ ऑक्टोबर १९७३. लंडनचे वेम्बली मैदान, समोर पोलंड. पुढच्या विश्वचषकाला जायचे तर इंग्लंडला जिंकणे भाग होते. डोमार्स्कीने पोलंडला आघाडी दिली, क्लार्कने पेनल्टीवर ती फेडली. मग इंग्लंडने हल्ल्यावर हल्ले केले आणि पोलंडचा गोलरक्षक टोमाशेव्स्की मिळेल त्या अंगाने चेंडू अडवत राहिला. ताज्या पायांची गरज होती, पण रॅम्से हलेना. अखेर ८८व्या मिनिटाला केव्हिन हेक्टर आला. देशासाठी त्याचा पहिलाच सामना. त्याने डोक्याने मारलेला चेंडू पोलंडच्या खेळाडूने गोलरेषेवरून परतवला. १-१. इंग्लंडचा विश्वचषक हुकला आणि १९७४ मध्ये रॅम्सेची नोकरीही गेली.

लिऑनचा चटका त्याच्या मनात होता की नाही, कोण सांगणार? मला मात्र तसे वाटते, कारण माझेही तेच झाले. थोरलीला बारावी होताच घाईने टायपिंगला घातले. तिला कॉलेज शिकायचे होते, ती अजून बोलून दाखवते. म्हणून धाकटीच्या वेळी ठरवले, आपण मध्ये पडायचे नाही. मी गप्प बसलो, तिला कोणी काही सांगितले नाही आणि फॉर्मची तारीख निघून गेली. दोघींची आई त्या रात्री जेवली नाही.

हे ऐकून तो तरुण बराच वेळ काही बोलला नाही. मग माझ्याकडून एक जुनी वही मागून घेतली. कोण कितव्या मिनिटाला दमला आणि कोणाला कशासाठी काढले, ते त्यात लिहिणार म्हणतो. येत्या रविवारी पुन्हा सामना आहे.