डॉक जोडला, मॉनिटर काळाच

गडचिरोलीहून चामोर्शी, आष्टी, आलापल्ली करत एटापल्ली गाठायचं म्हणजे दिवसाचा मोठा भाग रस्त्यातच जातो. पावसाळ्यात तेवढ्यात पोहोचण्याचीही खात्री नसते. आलापल्लीहून फुटणारी भामरागडची वाट तर पर्लकोटा नदीच्या पुराने वारंवार बंद पडते. अशा तालुक्यात एखाद्या कार्यालयातला लॅपटॉप डॉकला, म्हणजे मॉनिटर-माउस एकत्र जोडणाऱ्या डबीला, जोडला आणि मोठा मॉनिटर उजळलाच नाही, तर ‘इंजिनिअर पाठवतो’ या फोनवरच्या आश्वासनाला फारसा अर्थ उरत नाही. दोष तिथल्या तिथे शोधता आला पाहिजे. सरकारी संगणकांवर लिनक्स असावं याचं सर्वांत ठोस कारण हेच आहे. केंद्र सरकारने २०१५ मध्येच लिनक्ससारख्या मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारं धोरण आणलं. त्याची चर्चा मात्र परवान्याच्या पैशांपाशीच अडकते.

मॉनिटर जोडल्याचं लॅपटॉपला कळतं, त्यामागे साधी यंत्रणा आहे. एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी शेवटची पिन याच कामासाठी राखलेली असते. तिच्यावर व्होल्टेज आलं की ग्राफिक्स चिपला इशारा मिळतो, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मॉनिटरची माहिती वाचतो आणि डेस्कटॉपला कळवतो. डॉक जोडायच्या यूएसबी-सीमध्ये यासाठी वेगळी तारच नाही. किती वीज द्यायची-घ्यायची हे ज्या तारेवर ठरतं, तिच्यावरूनच डॉकमधली चिप ही खबर संदेश म्हणून धाडते. म्हणजे मध्ये आणखी एक छोटा प्रोग्राम, डॉकचं फर्मवेअर, आला, आणि बिघाडाला आणखी एक जागा.

लिनक्सवर यातला बराचसा प्रवास डोळ्यांनी पाहता येतो. टर्मिनलमध्ये ‘युडेव्हअ‍ॅडम मॉनिटर’ ही उपकरणं जोडल्या-काढल्याच्या नोंदी दाखवणारी आज्ञा सुरू करून डॉक काढायचा, पुन्हा लावायचा. एकही ओळ उमटली नाही, तर आधी केबल, पोर्ट आणि डॉकचा अ‍ॅडॉप्टर तपासायचा. डॉकवरचा माउस चालतो, पण कर्नलच्या डीआरएम या ग्राफिक्स यंत्रणेच्या फाइलीत मॉनिटर ‘डिसकनेक्टेड’ दिसतो, तर केबल बदलून पाहावी. चार्जिंगसाठी मिळणाऱ्या अनेक केबलींतून वीज जाते, माउसही चालतो; चित्र नेणाऱ्या तारा त्यांच्यात नसतातच. फाइल ‘कनेक्टेड’ म्हणते आणि तरी मॉनिटर काळा, तर रिझोल्यूशन आणि डिस्प्ले सेटिंगकडे वळायचं.

सैल जोडणीचा त्रास जास्त फसवा. जोडलं-तुटलं असे इशारे धडाधड येऊ लागले की इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर त्या पोर्टचे इशारे ऐकणं थांबवतो आणि दर दहा सेकंदांनी स्वतःच तपासतो. दोन मिनिटांनी पुन्हा ऐकायला लागतो. वापरणाऱ्याला वाटतं, मॉनिटर लहरी आहे. कर्नलच्या नोंदींत मात्र कोणत्या पोर्टवर हे घडलं ते स्पष्ट लिहिलेलं असतं. ही ओळ वाचता येणारा माणूस एटापल्लीत असला, तर मॉनिटर दुरुस्तीला गावाबाहेर धाडायची गरज पडत नाही.

सगळंच खुलं नसतं, हेही खरं. डिस्प्लेलिंक जातीचे डॉक चित्र यूएसबीच्या डेटातून पाठवतात. त्यांना वेगळा ड्रायव्हर लागतो आणि त्याचा महत्त्वाचा भाग बंद आहे. कर्नल अद्ययावत झाला की कधी कधी तो जुळत नाही आणि पडदा जातो. दुर्गम तालुक्यासाठी असे डॉक घेऊच नयेत. बाकी डॉकचं फर्मवेअर अद्ययावत ठेवण्याची सोय आहे: प्रोग्रामर रिचर्ड ह्यूजेस यांनी २०१५ मध्ये लिनक्ससाठी सुरू केलेल्या फर्मवेअर सेवेवर आज काही मोठ्या कंपन्या आपल्या डॉकचं फर्मवेअर ठेवतात. ‘या सेवेवर फर्मवेअर उपलब्ध हवं’ ही एक अट जिल्ह्याच्या खरेदी-निविदेत घालायला कोणाचीच हरकत नसावी.

जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये आणि गोंडवाना विद्यापीठाच्या महाविद्यालयांत ही तपासणी मराठीतून, हाताने करून शिकवावी. त्यासाठी एक जुना लॅपटॉप, एक डॉक, एक चांगली आणि एक चार्जिंगची केबल पुरे. नेटवर्क नसल्याची सबबही चालणार नाही: फर्मवेअरची फाइल गडचिरोलीत उतरवून पेन ड्राइव्हवर एटापल्लीला नेता येते आणि इंटरनेटशिवाय डॉकमध्ये भरता येते.