उंच मोटारी आणि खोल खड्डे

पावसाळा तोंडावर आला, की शहरांतील मोटार-गॅरेजांत एक विशिष्ट गिऱ्हाईक दिसू लागते. ज्या एसयूव्हीचे हप्ते नुकतेच सुरू झाले आहेत अशी नवी कोरी गाडी घेऊन मालक येतो आणि ‘दोन इंच उचलून द्या, टायर मोठे टाका’ असे सांगतो. कारण विचारल्यास उत्तर ठरलेले असते : रस्ते. गावाकडे जायचे असते, घाट उतरायचा असतो, वाटेत गतिरोधक आणि खड्डे असतात, गाडी खालून घासते. हे उत्तर खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे, आणि त्या अपुरेपणाचा संबंध यंत्रशास्त्रापेक्षा सार्वजनिक अर्थव्यवहाराशी अधिक आहे.

प्रथम यंत्राकडे पाहणे इष्ट. ‘लिफ्ट किट’ या नावाने जी वस्तू विकली जाते तिच्यात लांब स्प्रिंगा, त्यांना जुळणारे शॉक ॲब्सॉर्बर आणि काही जोडभाग असतात. स्वस्तात काम उरकायचे असल्यास मूळ स्प्रिंगेवर नुसती एक जाड चकती बसवून भागवले जाते. यामुळे मोटारीचे धड चाकांपासून वर उचलले जाते. चाकांना जोडणारा आस मात्र होता तेथेच राहतो. ज्या मोटारींना अखंड आस असतो, म्हणजे मारुती सुझुकीच्या जिम्नीला पुढे व मागे, महिंद्राच्या थारला मागे, त्यांच्यात या आसावरील डिफरन्शियलचा गोळा जमिनीच्या अगदी जवळ असतो. हा गोळा ज्या दगडावर आधी आदळत होता, त्याच दगडावर तो लिफ्ट किट बसवल्यानंतरही आदळतो. त्याला वर नेण्याचा सोपा मार्ग एकच : टायरचा व्यास वाढवणे. तेथेही हिशेब निम्म्याचाच असतो, कारण व्यास जितका वाढेल त्याच्या अर्ध्यानेच आस वर जातो.

जिम्नीचेच उदाहरण घ्यावे. तिचा मूळ टायर १९५/८० मापाचा, १५ इंची रिंगवरचा. त्याचा व्यास सुमारे ६९३ मिलिमीटर भरतो. हौशी मंडळी त्याऐवजी २३५/७५ मापाचा टायर घालतात, तो सुमारे ७३३ मिलिमीटरचा. वाढ चाळीस मिलिमीटरची, म्हणजे जमिनीपासूनचा प्रत्यक्ष लाभ वीस मिलिमीटर, अंगठ्याच्या रुंदीएवढा. या अंगठाभर लाभासाठी पाच नवे टायर घ्यावे लागतात (पाचवा मागच्या दारावर टांगलेला असतो आणि अंदाजपत्रकात त्याचा हटकून विसर पडतो). जड चाके फिरवण्यास इंजिनाला व थांबवण्यास ब्रेकला अधिक श्रम पडतात. वेगाचा काटा पूर्वीपेक्षा साडेपाच टक्के कमी सांगू लागतो. शंभर किलोमीटर धावल्यावर मीटरवर साडेचौऱ्याण्णवच उमटतात. मोठ्या टायरांनी पेट्रोल फार खाल्ले अशी तक्रार करणाऱ्याने आधी ही दुरुस्ती करून मगच भागाकार करावा. अर्थात, दुरुस्तीनंतरही पेट्रोल थोडे खाल्लेले निघतेच.

निवडीचा क्रम बहुधा उलटा लावला जातो तो येथे. मोठा टायर चाक पूर्ण वळवल्यावर मडगार्डला घासतो म्हणून धड उचलावे लागते; उंची ही टायरची गरज असते. तेव्हा आधी गाडी कोठे चालणार ते ठरवावे, त्यावरून टायर, आणि त्या टायरला जागा करण्यापुरतीच उंची, असा क्रम हवा. प्रत्यक्षात गिऱ्हाईक उंचीपासून सुरुवात करते, कारण रस्त्यावरून दिसते ती उंची. ज्याची गाडी वर्षातले अकरा महिने कचेरी ते घर एवढीच धावते त्याला कारखान्याने नेमून दिलेल्याच मापाचा, खडबडीत नक्षीचा, भारक्षमतेचा आकडा मुळापेक्षा कमी नसलेला टायर पुरून उरतो. चिखलासाठी बनवलेला रांगडा टायर ओल्या डांबरावर मात्र कमी पकडतो, आणि त्याचा घोंघाट रोजचा असतो.

उंचीची खरी किंमत वळणावर कळते. चाकांमधील आडव्या अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागले असता मिळणारा आकडा वाहनाच्या स्थैर्याचे माप मानला जातो. अमेरिकेची महामार्ग सुरक्षा संस्था याच मापाचा आधार घेऊन गाडी उलटण्याचा धोका वर्तवते. साध्या मोटारींचा हा आकडा १.३ ते १.५ च्या दरम्यान असतो, एसयूव्हींचा १.० ते १.३. चाकांतील अंतर १५०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य ७०० मिलिमीटरवर असे मानल्यास तो १.०७ येतो. गुरुत्वमध्य पन्नास मिलिमीटर वर सरकला, की तो बरोबर १ वर उतरतो. आधीच कमी असलेल्या शिल्लकेतून ही उचल केलेली असते, आणि ती आंबेनळीसारख्या घाटात उतारावर फेडावी लागते.

कायदा याबाबतीत बराच स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने मुळात नमूद केलेल्या आणि नोंदणीपुस्तकातील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळ उच्च न्यायालयाने याचा सैल अर्थ लावला होता. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तो अमान्य केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले आणि अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी उभा राहतो तो निराळाच. तरीही गॅरेजे चालतात, कारण मोजणारे कोणी नाही. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि तोवर तिच्या उंचीला पट्टी लावण्याचा प्रसंग सरकारवर येत नाही.

गंमत अशी, की कर घेताना सरकार हीच उंची मिलिमीटरमध्ये मोजते. २०१३-१४ च्या अर्थसंकल्पात एसयूव्हीवरील उत्पादन शुल्क २७ वरून ३० टक्के झाले, आणि एसयूव्हीच्या व्याख्येत जमिनीपासून १७० मिलिमीटर उंची हा एक निकष होता. तेव्हा एका बड्या कंपनीने आपली गाडी करापुरती खाली बसवली होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या नव्या रचनेतही चार मीटरहून लांब, १५०० घनसेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या आणि १७० मिलिमीटर वा अधिक उंचीच्या गाड्यांना ४० टक्के दर आहे. दुकानाच्या दारात इतकी काटेकोर असलेली पट्टी दाराबाहेर कोठे जाते, हा प्रश्न अर्थखात्याला पडलेला दिसत नाही.

परंतु मुळात उंचीची भूक लागते कशाने? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. ताशी २५ किलोमीटर वेगाने तो बिनधोक ओलांडता यावा. असा गतिरोधक बांधला तर १७० मिलिमीटरच काय, त्याहून ठेंगण्या मोटारीचेही पोट घासण्याचे कारण नाही. घासते ते रात्रीतून उभ्या राहिलेल्या, कोणाच्याही नोंदीत नसलेल्या सिमेंटच्या वरवंट्यांवर, आणि पहिल्या पावसात डांबर सोडून जाणाऱ्या रस्त्यांवर. सार्वजनिक पाणी येत नाही म्हणून टँकर, वीज जाते म्हणून इन्व्हर्टर, तसा रस्ता नाही म्हणून लिफ्ट किट. सार्वजनिक अपयशावरचा हा खाजगी तोडगा आहे, आणि काही महिन्यांच्या पगाराइतका खर्च एकरकमी करू शकणाऱ्यांनाच तो परवडतो.

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नायजेरियाच्या रेल्वेचा अनुभव मांडला आहे. मालमोटारींची स्पर्धा असूनही ती रेल्वे सुधारली नाही. त्याचे कारण त्याने असे दिले, की ज्या गिऱ्हाइकांनी सर्वांत मोठ्याने तक्रार केली असती तीच आधी रेल्वे सोडून गेली. आपल्याकडील खड्ड्यांचे तेच होत आहे. नगरसेवकाला दूरध्वनी करू शकणारा, अर्ज लिहू शकणारा, वकील गाठू शकणारा नागरिक खड्ड्यांच्या वर उचलला गेला, की खड्ड्यांत उरतो तो स्कूटरवरचा कारकून आणि सायकलवरचा विद्यार्थी. त्यांचे गाऱ्हाणे खरे असते, पण त्यांना रजा मिळत नाही. बोलण्याचा उपयोग होत नाही असेही नाही : मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी २०१३ मध्ये लिहिलेल्या पत्रावरून जे प्रकरण उभे राहिले, त्यातूनच ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यामुळे मृत्यू ओढवल्यास वारसांना सहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश निघाला.

एखाद्या वसाहतीत एकाने घराचे जोते दोन फूट उचलले, की पावसाचे पाणी शेजाऱ्याच्या ओसरीत शिरते. उंच मोटारीचे पाणीही असेच शेजारी शिरते. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरची आणि १९.५ टक्के पायी चालणारी होती. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की ज्या वाहनांच्या बॉनेटची उंची चाळीस इंचांहून अधिक आहे त्यांची धडक बसल्यास, तीस इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या व उतरत्या बॉनेटच्या वाहनांच्या तुलनेत, पादचारी दगावण्याची शक्यता सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक असते. तो अभ्यास तिकडच्या रस्त्यांचा आणि कारखान्यातून तशाच आलेल्या वाहनांचा, हे ध्यानात घेतले पाहिजे. परंतु बॉनेटसमोर उभ्या असलेल्या मुलाची उंची दोन्ही देशांत सारखीच असते. रात्रीची गोष्ट वेगळी सांगायला नको. पुढचा भाग मागच्यापेक्षा अधिक उचलला आणि दिवे पुन्हा जुळवले नाहीत, तर समोरून येणाऱ्या स्कूटरस्वाराला काही क्षण रस्ताच दिसत नाही. ही किंमत गॅरेजच्या बिलात लिहिलेली नसते. अर्थशास्त्रात जिला सामाजिक परिव्यय म्हणतात ती हीच.

म्हणून लिफ्ट किट सर्वस्वी वर्ज्य ठरत नाही. वनखात्याची गस्त, पुरात माणसे काढणारी पथके, सह्याद्रीच्या कुशीत खरोखर रस्ता नसलेल्या वाडीवर दवापाणी नेणारा डॉक्टर यांना उंच गाडी लागते, आणि निर्मात्याच्या मान्यतेने, नोंदणीपुस्तकात लिहून, ती त्यांना मिळाली पाहिजे. बाकीच्यांसाठी निदान एक सोय ताबडतोब करता येण्याजोगी आहे. प्रदूषण तपासणी केंद्र हे असे एकच ठिकाण आहे, जेथे जवळजवळ प्रत्येक खाजगी मोटार वर्षातून एकदा सरकारी नियमाखाली थांबते. तेथे धुराबरोबर दिव्यांचा रोख आणि टायरचे माप पाहिले जावे. दिव्यांसाठी समोर एक भिंत आणि तिच्यावर ठरलेल्या उंचीची एक रेघ लागते. टायरचे माप तर टायरवरच छापलेले असते. आणि तीच पट्टी घेऊन महापालिकेच्या कनिष्ठ अभियंत्याने आपल्या प्रभागातील गतिरोधकही मोजावेत, दहा सेंटिमीटरहून उंच निघतील त्यांची यादी प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लावावी, आणि ते कोणी बांधले व कधी तासले जातील हे त्या यादीतच लिहावे.