दोन दारांची गाडी आणि पन्नास वर्षांची अट



परवा निपाणीला एका लग्नात तिघं-चौघं जुने ओळखीचे भेटले. तब्येतीची चौकशी झाली आणि लगेच दुसरा प्रश्न, "साहेब, ती दोन दारांची झेन अजून ठेवलीय व्हय? द्या की भंगारात. सर्टिफिकेट मिळतंय, नव्या गाडीच्या टॅक्सात सूट हाय." एकाने तर भंगारवाल्याचा नंबर पण काढला. पंगत बसत होती, म्हणून तिथे वाद घातला नाही. तो इथे घालतो.

गाडी मारुती झेनच आहे, पण नेहमीची नव्हे. २००३ साली मारुतीने झेनच्या दोन मर्यादित आवृत्त्या काढल्या. काळी ती 'कार्बन', चंदेरी ती 'स्टील'. प्रत्येकी ३०० आणि दोन्हींना बाजूला दोनच दारं. माझी स्टील. कोल्हापूरच्या एका डॉक्टरांनी नवी घेतलेली, मी २०१२ ला बँकेतून निवृत्त झालो त्या वर्षी त्यांच्याकडून घेतली. ९९३ सीसीचं इंजिन, गाडी वजनाला हलकी, तवंदी घाटात अजून दम लागत नाही तिला. मला लागतो.

शब्दाचे पक्के लोक म्हणतील, ही काय कूपे नव्हे, दोन दारांची हॅचबॅक. मान्य. आमच्या पिढीला कूपे म्हटलं की रेल्वेच्या फर्स्टक्लासातला दोन बर्थचा डबा आठवतो. नवीन जोडप्याला मिळाला तर नशीब. गाडीतही अर्थ साधारण तोच. मागच्यांची फारशी पर्वा न करता पुढच्या दोघांसाठी केलेली गाडी. खरी कूपे म्हणावी अशी आपल्या शेजारी गोव्यात झाली, सॅन स्टॉर्म. फायबरची बॉडी, रेनोचं ११४९ सीसी इंजिन. आणि त्याच्याही आधी आपल्याच कर्नाटकात, बेंगळूरच्या सिपानीने १९८२ पासून डॉल्फिन काढली. इंग्लंडच्या रिलायंट किटनवरून घेतलेली, ८४८ सीसी, बॉडी फायबरची, दारं दोन. हलकी असल्यामुळे शर्यतीत भल्याभल्यांना पाणी पाजायची. मग १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. आपल्या माणसांनी सरळ हिशेब केला, मागच्या सीटवर आजी चढणार कुठून? तिथे डॉल्फिन संपली. तुम्ही शेवटची डॉल्फिन रस्त्यावर कधी पाहिली, जरा आठवून बघा. आठवणार नाही.

आता मुद्द्यावर येतो. दसऱ्याला आपण सहकुटुंब कोल्हापूरला दसरा चौकात जातो. छत्रपती घराण्याची मेबॅक गाडी येते, सगळे मोबाईल वर करतात. राजाराम महाराजांची गाडी. तिला कोणी भंगार म्हणत नाही. खरं एक विचारतो, १९६० साली ती काय होती? काही दशकं जुनी, पेट्रोल पिणारी, सामान न मिळणारी गाडी होती. त्या काळातही कोणीतरी शहाणा म्हणाला असेलच की द्या टाकून. कोणीतरी ऐकलं नाही, म्हणून आज आपल्याला सोनं लुटायच्या दिवशी ती बघायला मिळते. तुम्ही म्हणाल तो राजवाडा, आपण साधी माणसं. बरं. मग ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी स्टेटस ठेवून हळहळ केली? ती साध्या माणसांचीच गाडी होती. हळहळ करणाऱ्यांपैकी घरची फियाट किती जणांनी ठेवली होती?

आपल्याकडची ही जुनीच खोड आहे. पितळेचे हंडे-घागरी मोडीत घालून स्टील घेतलं. आता सुना तेच पितळ दुकानातून दहापट किमतीला आणून हॉलमध्ये मांडतात आणि सासूला विचारतात, "आई, हे घासायचं कशानं?"

लोकांना तरी काय बोलायचं, सरकारची तऱ्हा त्यापुढची. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. नियम चांगले आहेत, आधी ते कबूल करतो. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली, धंद्यासाठी न वापरलेली गाडी असेल तर तिला वेगळी नोंदणी. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, ती १० वर्षं चालते, नूतनीकरणाला ५,०००. रोज फिरवायची नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यासाठीच बाहेर काढायची. ठीक.

पण ५० वर्षांची गाडी आभाळातून पडते काय? ती आधी २० ची होते, ३० ची होते, ४० ची होते. त्या वयात तिची काय गत आहे ते माझ्या झेनच्या हिशेबाने सांगतो. २०१८ ला पंधरा वर्षं झाली, नूतनीकरणाची फी ६०० रुपये. एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली, २०२३ ला मी तेवढी भरली. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाडीला १०,००० केली, ती मला २०२८ ला भरायची आहे, आणि तिथून पुढे दर पाच वर्षांनी. या गाडीला सरकारी मान मिळायचा तर २०५३ साल उजाडावं लागेल. मी तोवर शंभरी ओलांडलेली असेल. चौदा वर्षांचा नातू चाळिशी पार केलेला असेल. म्हणजे तीस वर्षं ज्या गाडीला दंड लावल्यासारखी फी लावायची, तिचं कोणी जतन केलं तर पन्नासाव्या वर्षी हार घालायचा. बँकेत अशी कर्जयोजना कोणी मांडली असती तर आम्ही फाईल परत पाठवली असती.

जर्मनीत ३० वर्षांची, मूळ रूपात ठेवलेली गाडी तपासून तिच्या नंबराच्या शेवटी 'एच' अक्षर देतात. ब्रिटनमध्ये ४० वर्षांनंतर रस्ता कर माफ होतो. जुन्या गाड्यांची फिव्हा नावाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिची व्याख्याही ३० वर्षांचीच. आपल्याकडेही २५ किंवा ३० वर्षांवर एक मधली पायरी ठेवा, वर्षाला किलोमीटरची मर्यादा घाला, पीयूसी कडक करा, गाडी मूळ रूपात आहे का ते तपासा. एवढंच मागणं आहे. धुराचा आक्षेप मला मान्य आहे, पण माझी गाडी वर्षाला दीड हजार किलोमीटर चालते. समोरच्या बंगल्यातली नवी एसयूव्ही तेवढी महिन्याभरात मारते. तिच्यात बहुतेक वेळा एकच माणूस असतो, हे आपलं उगाच सांगितलं.

त्यात आपण सीमेवरचे. इचलकरंजी हाकेच्या अंतरावर, मामा-आत्या तिकडे, शेत इकडे. गाडी मात्र एमएच-०९ पासिंगची. बारा महिन्यांवर इकडे ठेवायची तर कोल्हापूरहून एनओसी आणा, इथे लाइफटाइम टॅक्स भरा, चिक्कोडीला पासिंग करा. ते सगळं मी केलं, पैशाबद्दल तक्रार नाही. तक्रार नंबराची आहे. राज्य बदललं की गाडीला केए-२३ चा नवीन नंबर मिळतो आणि मूळ नंबर जातो. जुन्या गाडीत मूळ नंबर म्हणजे माणसाचं जन्मगाव. गंमत म्हणजे ५० वर्षांच्या गाडीला आधीची नोंदणी असेल तर तिचा जुना नंबर ठेवायची मुभा त्याच व्हिंटेज नियमात आहे. तोवर नंबर शिल्लक तर राहायला हवा. आम्ही सीमाभागातले लोक पाटीवरच्या अक्षरावरून आयुष्यभर भांडत आलो, त्यामुळे हे आम्हाला जास्त लागतं असं कोणी म्हणालं तर म्हणू दे.

इथवर वाचून काही तरुण खूश झाले असतील. त्यांनाही दोन शब्द. माझ्या पुतण्याचा एक मित्र आला होता. म्हणाला, "काका, ही फ्यूचर क्लासिक हाय. आता घ्यायची, वीस वर्षांनी विकायची, सोनं हाय सोनं." त्याला कागद-पेन दिलं. समजा गाडी ३ लाखांची. सात टक्क्यांनी तेच ३ लाख ठेवीत ठेवले तर वीस वर्षांत साडेअकरा लाखांच्या वर जातात. वर गाडीला दरवर्षी विमा, टायर, रंग, मिस्त्री धरून २५,००० लागतात. तेही ठेवीत टाकत गेलास तर सव्वादहा लाख होतात. म्हणजे गाडी २२ लाखांना विकली गेली तर तू ठेवीच्या बरोबरीला येणार. झेन २२ लाखांना घेणारा गिऱ्हाईक आधी दाखव. बी.कॉम.ला घसारा शिकवतात तो उगाच नव्हे. तेव्हा गुंतवणूक म्हणून घेणाऱ्याने घेऊच नये. असा माणूस पाच वर्षांत कंटाळतो, गाडी उघड्यावर पडते आणि मग ती खरंच भंगार होते.

दुसरा प्रकार याहून वाईट. गाडी घ्यायची, स्प्रिंग कापून खाली बसवायची, फटफटणारा सायलेन्सर, चाकं बाहेर आलेली, लाल रंग, काचेवर वाघ. याला हे लोक 'बनवली' म्हणतात. अरे, बनवली नाहीस, मारलीस. ३०० गाड्यांतली एक अशी कमी झाली. आणि नियमही लक्षात ठेवा: चासी, बॉडी किंवा इंजिन बदलून टाकलेल्या गाडीला पन्नाशीनंतरही व्हिंटेज नोंदणी नाही. मूळ रंगावर बारीक ओरखडे असले तरी ते नव्या रंगापेक्षा मोलाचे. मूळ चाकं, सीटचं कापड, जॅक-पाना, दुसरी किल्ली, सर्व्हिस बुक, पहिलं बिल, सगळं जपायचं. मी एक प्लास्टिकची फाईल केली आहे, कर्जाच्या फाईलसारखी, पानांना नंबर घालून. सौ. म्हणतात, लग्नाचा अल्बम एवढा नीट ठेवला नाही.

खरोखर घ्यायचीच असेल तर काय बघायचं? आधी आरसी बघा, त्यावर कर्जाची नोंद आहे का. ही माझी आयुष्यभराची गोष्ट, म्हणून ठासून सांगतो. हप्ते कधीच फिटलेले असतात, पण नोंद काढायला फॉर्म ३५ आणि कर्ज देणाऱ्याची एनओसी लागते. पंधरा वर्षांपूर्वीची ती फायनान्स कंपनी आज जागेवर नसली तर गाडी तुमच्या नावावर करताना नाकी नऊ येतात. त्यानंतर गंज. मॅट उचलून फ्लोअर बघा, दाराखालची पट्टी बोटाने दाबा. इंजिन दुरुस्त होतं, गंजलेली बॉडी सावरणं फार अवघड. फायबरच्या गाडीला गंजाची भीती कमी, पण खालची फ्रेम लोखंडाचीच असते. मग सामान. झेनचं इंजिनाचं सामान आजही मिळतं, कारण झेन गल्लोगल्ली होती. पण दोन दारांच्या झेनचं लांब दार आणि त्याची काच फुटली तर कुठून आणणार? स्टॉर्मचं रेनो इंजिन आपल्याकडच्या मिस्त्रीने उघडलेलं नसतं. हौस आधी, हे गणितही आधीच करा. विम्याला पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक मिळून ठरवतात; एजंट म्हणेल ती कमीत कमी किंमत मुकाट्याने मान्य करू नका.

पेट्रोलचं एक राहिलं. आता २० टक्के इथेनॉल असतं. ते आपल्याच उसाचं, त्यातून कारखान्याला पैसा येतो, तेव्हा शिव्या तरी कुणाला द्यायच्या! पण जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि सील त्यासाठी केलेले नव्हते, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी चार महिने उभी राहिली की टाकी आतून गंजते. इथेनॉल चालणारे पाइप बदलून घ्या आणि गाडी आठवड्याला वीस-पंचवीस किलोमीटर चालवा. प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली गाडी ठेवू नका, सुती कव्हर घाला. उंदरांची वायरिंगवर नजर असते, तीही विसरू नका.

आता शेवटचं, आणि यासाठीच एवढं लिहिलं. निपाणी-चिक्कोडी पट्ट्यात तंबाखूच्या वखारी, जुने वाडे, बंद पडलेल्या गिरण्या आहेत. त्यात कुठेतरी एखादी डॉल्फिन, दोन दारांची हेरल्ड नाहीतर स्टॉर्म पोत्यांखाली उभी असणार. कोणाच्या घरी असेल तर वाटण्या होण्याआधी तिचे कागद शोधा. आणि हौसेने लगेच बॅटरी लावून स्टार्टर मारू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, एक दिवस थांबा, मग पान्याने क्रँक हळू फिरवून बघा. फिरला तर मला निरोप द्या. मिस्त्रीला घेऊन मी येतो, येण्याजाण्याचं पेट्रोल माझं.